म्हातारचळ म्हणण्यापूर्वी

मराठी भाषा म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत फारशी दयाळू आहे, असे मला कधी वाटले नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने केली तो बहुधा पंचविशीतला असावा, आणि त्याच्याच एखाद्या भावाने 'म्हातारचळ' हा शब्द काढला असावा. शिवाय 'भ्रमिष्ट' आहे, 'बावचळला' आहे, 'डोक्यावर परिणाम झाला' आहे. आणि आताशा शिकल्यासवरल्या घरांतून 'अल्झायमर' आहे. हा शेवटचा शब्द खरे तर एका विशिष्ट रोगाचे नाव. पण आपण तोही आधीच्या शब्दांसारखाच सैल हाताने वापरतो. आजोबांनी नातवाला चुलत नातवाच्या नावाने हाक मारली की सूनबाई हसून म्हणतात, "बाबांचा अल्झायमर सुरू झाला!"

या सगळ्या शब्दांत एक खोड आहे. ते उच्चारले की पुढे काही विचारायचे उरत नाही. वय झाले, चळ लागला, संपले. तापाला आपण कारण विचारतो, पोटदुखीला विचारतो. म्हाताऱ्या माणसाच्या गोंधळलेल्या मनाला मात्र कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. वैद्यकाच्या प्रांतात माझा अधिकार शून्य, आणि हा लेख वाचून कुणी घरच्या घरी निदान करू नये, चालू औषध तर मुळीच बंद करू नये. पण शब्दांचा हिशेब ठेवणे हा माझा धंदाच आहे. आणि गेल्या काही वर्षांत दोन वृद्ध माणसांचे दोन आजार मी अगदी जवळून पाहिले. भोवतालच्या मंडळींनी दोघांनाही एकच शब्द चिकटवला होता. एकीचा आजार अठरा दिवसांत गेला. दुसऱ्यांचा जाणारा नव्हता. हा फरक कळायला लागते काय, याचा शोध घेताना जे वाचले आणि डॉक्टर मित्रांना पिडून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मौजेची गोष्ट अशी की जुन्या मराठीला हा फरक चांगला ठाऊक होता. माझी आजी तापात बरळणाऱ्या माणसाला वेडा म्हणत नसे. "ताप डोक्यात गेला, वात झाला," असे म्हणे. वात झालेला माणूस हातवारे करतो, नसलेली माणसे पाहतो, पांघरूण चिवडतो. पण ताप उतरला की वातही उतरायचा, हे त्या शब्दातच गृहीत होते. आयुर्वेदातही सन्निपातज्वराच्या लक्षणांत प्रलाप येतो, मोह येतो, तंद्रा येते. म्हणजे तो अंगातल्या ज्वराचा भाग, माणसाच्या बुद्धीचा कायमचा निकाल नव्हे. 'स्मृतिभ्रंश' ही गोष्ट निराळी. तो शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तिथला संदर्भ क्रोधाचा आहे, रोगाचा नाही. तरी आधी स्मृती जाते आणि मग बुद्धी, हा क्रम मात्र लक्षात ठेवण्याजोगा.

डॉक्टरांच्या भाषेत या दोहोंना डिलिरियम आणि डिमेन्शिया म्हणतात. डिलिरियम हा लॅटिन शब्द मुळात शेतकऱ्याचा आहे. नांगराने पाडलेल्या तासाला लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणतात. तास सोडून नांगर भरकटला की डिलिरियम. योगायोगाने आपल्या भाषेत 'तास' हा शब्द वेळेचाही आहे, आणि या आजाराची खूणही तीच: तो तासांत येतो. फार तर दोन-तीन दिवसांत. डिमेन्शिया वर्षानुवर्षे पावले न वाजवता येतो.

माझी आत्या वाईहून गणपतीसाठी आमच्याकडे पुण्याला आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. कान थोडा जड, बाकी ठणठणीत. पेशव्यांच्या वंशावळीपासून शेजारच्या सुनेच्या माहेरापर्यंत सगळे मुखोद्गत. गौरी जेवल्या त्याच्या तिसऱ्या रात्री ती दोन वाजता उठून दिंडी दरवाजाची कडी शोधू लागली. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. दिंडी दरवाजा वाईच्या वाड्याला. काकांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती, पण ती त्यांना कंदील घेऊन यायला सांगत होती. सकाळी ती बरीचशी सावरली, दुपारी पुन्हा बिघडली. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते म्हणाली. चहाचा कप हातात घेऊन तो कशासाठी घेतला हेच विसरली.

भेटीला आलेले एक नातलग दारातूनच म्हणाले, "म्हातारचळ. आता हे असंच चालायचं." मग सोफ्यावर बसून त्यांनी दोन वृद्धाश्रमांची नावे आणि त्यांचे मासिक दरही सांगितले. माणूस वाईट नाही, व्यवहारी आहे. पण माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, असं कसं? परवा दुपारी आत्यांनीच मला उकड कशी सैल झाली ते दाखवलं. चळ काय दोन दिवसांत लागतो?"

सगळ्या वैद्यकीय ग्रंथांचे सार या एका प्रश्नात आहे, हे मला पुढे कळले.

त्याच संध्याकाळी आत्याला रुग्णालयात नेले. रक्तातले सोडियम, म्हणजे साध्या भाषेत मिठाचा अंश, १३५ ते १४५ या दरम्यान असावा लागतो. आत्याचा निघाला ११८. लघवीत जंतुसंसर्ग होता, पण ताप नव्हता. म्हाताऱ्या शरीराला पुष्कळदा ताप आणण्याचेही त्राण नसते, आणि संसर्गाची पहिली वर्दी थर्मामीटर देत नाही, मन देते. रक्तदाबाच्या तिच्या रोजच्या गोळीत लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारे औषध होते. ते वर्षानुवर्षे सोसले होते. पण त्या आठवड्यात जेवण तुटले, पाणी मात्र भरपूर, आणि सर्दी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली गोळी ती दिवसातून तीनदा घेत होती. तीन-चार लहान लहान गोष्टी एकत्र आल्या आणि मन तास सोडून गेले. सोडियम हळूहळू, मोजून मापून वर आणले गेले. हे डॉक्टरांनी आम्हांला दोनदा बजावले, म्हणून मीही लिहितो: ते घाईने वर नेणे मेंदूला फार धोक्याचे असते, घरी मिठाचे पाणी पाजून हा उद्योग करू नये.

सर्दीच्या गोळीचा मामला थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे. महादेवाला वाहतात तो धोतरा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. ठग लोक प्रवाशांच्या अन्नात धोतरा घालून त्यांना लुटत, हे इतिहासात वाचलेले असते. धोत्र्याने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि माणूस नसलेल्या वस्तू पाहू-वेचू लागतो. कारण त्यातली द्रव्ये ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम रोखतात, आणि स्मरण व अवधान यांसाठी मेंदूला ते रसायन लागते. आता आपल्या घरातल्या औषधांचा डबा पाहा. सर्दीखाजेच्या जुन्या धर्तीच्या गोळ्यांत असते ते क्लोरफेनिरामिन, वारंवार लघवी होते म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी वा नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, कंपवातावरचे ट्रायहेक्सिफेनिडिल: ही सारी कमीअधिक प्रमाणात तेच करतात. तरुणाला नुसती पेंग येते. अठ्ठ्याहत्तरीच्या मेंदूला तेवढा धोतरा पुरतो. उलट स्मृतिभ्रंशावर जे डोनेपेझिल देतात, ते या रसायनाची पातळी वाढवण्यासाठी. तेव्हा एका डॉक्टरांच्या चिठ्ठीवर डोनेपेझिल आणि दुसऱ्यांच्या चिठ्ठीवर ऑक्सिब्युटिनिन, असे दोन्ही एकाच म्हाताऱ्याच्या पोटात जात असेल, तर एकाने दिवा लावायचा आणि दुसऱ्याने फुंकर मारायची असा प्रकार होतो. झोपेच्या गोळ्यांची कथा थोडी वेगळी, पण परिणाम तोच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नावे काहीही असोत. वृद्धांत त्यांनी गोंधळ आणि पडझड दोन्ही वाढतात. आणि वर्षानुवर्षे चाललेली गोळी एके दिवशी अचानक तोडली तरीही हाच वात होतो. म्हणून तिथेही डॉक्टरांवाचून हात लावू नये.

सन १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिलिरियम ओळखण्याची एक छोटी पद्धत बांधली. ती आज जगभर वापरतात. गोंधळ अचानक सुरू झाला का आणि दिवसात चढतो-उतरतो का, हे पहिले पाहायचे. लक्ष ठरते का, हे दुसरे. या दोन्ही गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला बोलण्यात विसंगती किंवा शुद्धीत फरक, म्हणजे अति उत्तेजित वा अति सुस्त, यांपैकी एक असले की निदानाची वाट स्पष्ट होते. लक्ष पाहण्याची युक्ती अगदी घरगुती आहे: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे. शनिवार, शुक्रवार, गुरुवार... स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेतला मनुष्य सकाळचा नाश्ता विसरेल, पण हे पुष्कळदा बरोबर म्हणतो. आमच्या आत्याची गाडी गुरुवारपाशी उभी राही आणि तिथून दत्ताच्या आरतीवर जाई.

आरडाओरडा करणारा वात निदान दिसतो तरी. मुका वात फसवतो. माणूस शांत पडून राहतो, विचारले तर हूं करतो, जेवण पुढ्यात ठेवले तर बघत बसतो. नर्सेस खूश, नातलग खूश: "काही त्रास नाही हो त्यांचा." खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रकार फार आढळतो, आणि तो ओळखायला उशीर झाला की जिवावर बेततो. गप्प झालेला म्हातारा म्हणजे शहाणा झालेला म्हातारा, असे समजू नये.

याच इनूयेबाईंनी १९९९ मध्ये रुग्णालयातल्या ८५२ वृद्धांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषध काहीही नवे नाही. चष्मा आणि कानाचे यंत्र उशाशी हवे, घोटभर पाणी वेळेवर हवे, दिवसा चालवायचे, रात्री सुयांनी उठवायचे नाही, आज कोणता वार हे बोलत राहायचे. नेहमीच्या शुश्रूषेत शंभरांतल्या १५ जणांना डिलिरियम झाला. या शुश्रूषेत १० जणांनाही झाला नाही. आत्याच्या बाबतीत मी पाहिले, की तिचे कानाचे यंत्र आम्ही गडबडीत घरी ठेवून गेलो होतो तोवर ती डॉक्टरांना पोस्टमन समजत होती. यंत्र घातल्यावर लगेच शहाणी झाली असे नव्हे, पण निदान प्रश्न ऐकू येऊ लागले.

अठराव्या दिवशी ती पूर्वीची आत्या झाली. मधल्या दिवसांतले तिला फारसे आठवत नव्हते. एक मात्र आठवत होते. गरम पोळीचा घास मोडता मोडता तिने विचारले, "मला चळ लागला असं कोण म्हणालं रे?" मी विषय बदलला. डॉक्टर मित्र सांगतात, की वातातून उठलेल्या माणसांना असे तुकडे पुष्कळदा आठवतात. तेव्हा उशाशी बसून बोलताना सांभाळावे. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लपवत नाही: असा झटका येऊन गेलेल्या वृद्धांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तिची तपासणी होते.

तासांत येणारे आणि वर्षांत येणारे या दोहोंच्या मध्ये आठवड्यांत-महिन्यांत येणाऱ्या कारणांचा एक पट्टा आहे. घरच्या माणसांचे लक्ष सर्वांत कमी जाते ते इथे.

डोक्याला लागलेला लहानसा मार घ्या. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांमधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात पाय घसरला, टेंगूळ आले, हळद लावली, विसरून गेलो. आत मात्र थेंब थेंब रक्त साचत राहते आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त, गोंधळलेला, एका अंगाने लुळा दिसू लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भीती अधिक. साधा सीटी स्कॅन ते दाखवतो आणि छोटी शस्त्रक्रिया करून ते काढता येते. थायरॉईड मंदावली की माणूसच मंदावतो; थंडी सोसत नाही, आवाज घोगरा होतो, विचार चिखलातून चालल्यासारखे चालतात. रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ मध्ये दाखवून दिले होते, की काही रुग्णांचे वेड हे खरे थायरॉईडचे असते. रक्ताची एक चाचणी पुरते.

आणि आपले ब-१२. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातच मिळते. शाकाहाऱ्याला दूध-दह्यावर भागवावे लागते. पुण्यातल्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या दोन-तृतीयांश पुरुषांत ते कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण सर्वांत जास्त होते. म्हणजे तुम्ही आम्हीच. त्यात मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या रोजच्या गोळ्या या दोन्ही ते आणखी घटवतात. ब-१२ फार घटले की तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मरण मंदावते. वेळेवर इंजेक्शने दिली तर भरून निघते. फार उशीर झाला तर सगळे भरून निघत नाही.

एक दुर्मिळ पण लक्षात राहणारे कारण दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरातले डॉक्टर सालोमोन हाकीम यांनी उजेडात आणले. १९६५ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या रुग्णांत मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाणी साठत होते. खूण तिहेरी: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही, आणि बुद्धीला आलेले जडत्व. यांत बहुधा चाल आधी बिघडते. नळी घालून ते पाणी वळवले, तर त्यांतले काही जण पुन्हा चालू-बोलू लागतात.

औदासीन्याबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. कारण आपल्या घरांत ते फार आहे आणि त्याला नाव नाही. जोडीदार गेला, घर विकले, मुलगा परदेशी गेला. म्हातारा माणूस हळूहळू उत्तरे देईनासा होतो. काय जेवलात? "माहीत नाही." कोण आले होते? "आठवत नाही." लेस्ली किलो यांनी १९६१ मध्ये अशा रुग्णांवर लिहिताना या अवस्थेला भासमान स्मृतिभ्रंश अशा अर्थाचे नाव दिले. त्यातला सूक्ष्म फरक मला कादंबरीकाराच्या तोडीचा वाटतो. खिन्न माणूस स्वतःच तक्रार करतो, की माझी स्मृती गेली. आणि उत्तर शोधण्याचा प्रयत्नच करत नाही. खरा स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुधा तक्रार करत नाही; तो झाकतो. वर्ष विचारले तर "आता मला वर्षांशी काय करायचंय!" असे हसून टोलवतो. पहिल्याला उपचारांनी पुष्कळ बरे वाटते. अर्थात ही खूण काही तराजू नव्हे. उतारवयात प्रथमच आलेले औदासीन्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूलही असते.

झाकण्यावरून दुसऱ्या आजाराकडे येतो. आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षे व्याकरण शिकवलेले, वय ब्याऐंशी. त्यांचे काय बिघडले आहे हे कुणालाच कळत नव्हते, कारण त्यांचे बोलणे घरंदाज होते. मला मात्र त्यांच्या बोलण्यातून नामे गळत आहेत असे जाणवू लागले. "ते हे आणा", "त्या त्याच्याकडे गेलो होतो", "ढवळायचं ते कुठंय?" सर्वनामे होती, क्रियापदे होती, विभक्तिप्रत्यय तर एकही चुकत नव्हता. चमचा, किल्ली, चुना, शेजाऱ्याचे नाव, हे मात्र नाहीसे होत होते.

हे असेच का होते, याचा जुना दाखला मिळाला तेव्हा मी थक्क झालो. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांच्या ऑगस्ट डेटर या बाईंना तपासले, त्यांची उत्तरे शब्दशः उतरवून ठेवली, १९०६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत तो रोग मांडला. त्या बाईंना कप हा शब्द आठवेना, तेव्हा त्या म्हणत 'दूध ओतायचे'. आमच्या मुख्याध्यापकांचे 'ढवळायचं ते' आणि हे, दोघांमध्ये शंभर वर्षांहून अधिक अंतर! इंग्रज कादंबरीकार आयरिस मरडॉक यांची शेवटची कादंबरी १९९५ मध्ये आली. पुढे त्यांना अल्झायमर झाल्याचे निष्पन्न झाले. २००५ मध्ये संशोधकांनी ती कादंबरी त्यांच्या जुन्या कादंबऱ्यांशी ताडून पाहिली. वाक्यरचना शाबूत होती. शब्दसंपदा आटली होती. व्याकरण सर्वांत शेवटी जाते, हे कळल्यावर व्याकरणाच्या शिक्षकाला काय वाटावे, हा प्रश्न मी स्वतःशीच ठेवला आहे.

मुख्याध्यापकांच्या घरी मतभेद होते. अमेरिकेतला मुलगा म्हणे, "बाबा तर फोनवर छान बोलतात, मॅट्रिकचे मार्कसुद्धा सांगतात." पत्नी म्हणे, "ते मार्क सांगतात रे, पण जेवल्यावर तासाभराने पुन्हा ताट मागतात." दोघेही खरे बोलत होते. जुने पक्के राहते आणि नवे टिकत नाही, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले आहे. मॅट्रिकचे मार्क आठवणे ही स्मृती शाबूत असल्याची खूण नव्हे. सकाळच्या पाहुण्यांचे नाव विचारावे. रक्त तपासले तेव्हा ब-१२ खरोखरच कमी निघाले. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते! इंजेक्शने झाली, पायांच्या मुंग्या गेल्या. स्मरण आले नाही. एका घरात दोन भाडेकरू असावेत तसे ते होते. एक निघून गेला, दुसरा राहिला. मेंदूचा एमआरआय आणि तज्ज्ञांची तपासणी झाल्यावर अल्झायमर ठरला. मुलाला ते पटायला वर्ष लागले. ते वर्ष बँकेची कागदपत्रे, सह्या, मृत्युपत्र या कामांसाठी हवे होते, असे आता त्या बाई सांगतात. तेव्हा ते सही समजून करू शकत होते.

म्हणून मला वाटते, की कारण शोधणे हे केवळ बरे होण्याच्या आशेसाठी नसते. बरे होणार नाही, हे वेळेवर कळण्यालाही किंमत आहे. आणि सगळे स्मृतिभ्रंश अल्झायमरही नसतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून आलेला पायरी-पायरीने उतरतो. रक्तदाब, साखर आणि तंबाखू आवरली तर पुढची पायरी लांबवता येते. दुसरा एक प्रकार लेवी या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्यात स्पष्ट आकृती दिसतात, लहान मुले, कुत्री-मांजरे. दिवस बरे-वाईट जातात. हालचाल कंपवातासारखी जखडते. तो अगदी वातासारखा भासतो, पण महिनोन् महिने चालतो. हे ओळखणे का महत्त्वाचे? कारण भास थांबवण्यासाठी एरवी देतात ती हॅलोपेरिडॉलसारखी औषधे या रुग्णांना भयंकर बाधतात.

आणि हे सगळे कितीजणांना? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आकडा लहान नाही. पण उरलेल्या ब्याण्णवांहून अधिक जणांची बुद्धी त्या अर्थाने नाठी नाही, तेव्हा ती म्हण आता मागे घ्यायला हरकत नसावी. नाव ओठांवर येऊन अडते आणि आंघोळ करताना आठवते, कपाळावरचा चष्मा घरभर शोधला जातो, हे वार्धक्य. चष्मा पिठाच्या डब्यात सापडतो आणि तो कुणीतरी मुद्दाम ठेवला असा राग येतो, तिथे तपासणीची वेळ झाली.

तपासणीबद्दल एक लहानशी तक्रार. तीस गुणांची जी प्रसिद्ध परीक्षा आहे, ती १९७५ मध्ये अमेरिकेत झाली. तिच्यात तारीख विचारतात. आत्याला तरुण डॉक्टरांनी तारीख विचारली, तेव्हा बरी झालेली आत्या म्हणाली, "भाद्रपद वद्य नवमी, अविधवा नवमी आज." डॉक्टरांनी शून्य दिले! हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९५ च्या सुमारास निरक्षर वृद्धांसाठी या परीक्षेचे हिंदी रूप मुद्दाम नव्याने बांधावे लागले, ते याच कारणासाठी. उलट टोकाला आमचे मुख्याध्यापक. शिकलेला माणूस शब्दांच्या शिलकीवर पुष्कळ दिवस पास होतो. ज्यांना कमी ऐकू येते ते प्रश्नच चुकीचा ऐकतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या समितीने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी मोजल्या, त्यांत कमी ऐकू येणे अग्रभागी आहे आणि मोतीबिंदूसारख्या कारणांनी अधू झालेली दृष्टीही त्या वर्षी नव्याने जोडली गेली. कानाच्या यंत्राला लाजणाऱ्या सासऱ्यांना हे वाचून दाखवावे.

दिवाळीत परगावची मुले घरी येतात. दोन-तीन वर्षांनी पाहणाऱ्याला जे दिसते, ते रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. आणि रोज पाहणाऱ्याला दिवसातले जे चढउतार ठाऊक असतात, ते पाहुण्याला नसतात. डॉक्टरांकडे जाताना दोघांनी मिळून जावे. आणि चार ओळी लिहून न्याव्यात: हे केव्हापासून, तास की आठवडे की वर्षे, अचानक की हळूहळू, दिवसात बदलते का, गेल्या महिनाभरात पडणे, ताप, रुग्णालय, नवे औषध, बंद केलेले औषध, झोप, लघवी, शौच, दारू असल्यास तीही, संकोच न करता. मत लिहू नये, प्रसंग लिहावा. "विसरतात" याने काही कळत नाही. "मंगळवारी गॅस चालू ठेवून देवळात गेले" याने कळते. दोन-तीन दिवसांत आलेला गोंधळ असेल तर वही-पेन शोधत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

औषधांची यादी मात्र करू नये. यादीत माणूस आपल्याला औषध वाटते तेवढेच लिहितो. डोळ्यांचे थेंब, सर्दीच्या गोळ्या, शेजारणीने दिलेले चूर्ण आणि झोपेची अर्धी गोळी गळते. कपाटातले, फ्रिजवरचे, उशीखालचे आणि देवघरातले सगळे एका कापडी पिशवीत भरावे आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर उपडी करावी.